आत्याने हात ठेवलेली घोडी

(वायोमिंगमधली एक रँच, नवरदेव कोल्टरच्या घरची. लग्नाला दोन तास उरलेत. खोलीत नवरी हिंगानो, तिची आई सेलू आणि टोंगाहून आलेली आत्या मातेलिता.)

सेलू: वन्सं, अहो घोडी म्हणजे काय डुकराचं पिल्लू आहे का, बोटीत टाकून न्यायला?

आत्या: हात ठेवला मी तिच्यावर. चारचौघांसमोर. भावाच्या लेकीच्या लग्नात आत्या जिच्यावर हात ठेवेल ती वस्तू आत्याची. हा नियम मी काढलेला नाही, सेलू.

हिंगानो: पण आत्या, कोल्टरनं ती मला लग्नाची भेट म्हणून दिलीय! शिंगरू होती तेव्हापासून बाटलीनं दूध पाजून वाढवलीय त्यानं.

आत्या: मग चांगलीच असणार. उगाच का हात ठेवला?

सेलू: इथं जावयाचे वडील बाहेर टेप घेऊन तिची उंची मोजतायत. पेटी बनवणार म्हणे, विमानात चढवायला.

हिंगानो: मी त्यांना म्हटलं, राहू द्या, आत्या गंमत करतेय. तर म्हणाले, "बाईंनी मागितली, मी हो म्हटलं, विषय संपला. आमच्यात दिलेला शब्द फिरवत नाहीत." वर मला विचारतात, टोंगात घोडी नारळ खाईल का!

आत्या: खाईल की. शेजारच्या मोसेसेचा घोडा वाळत घातलेलं खोबरं पळवतो. भला माणूस दिसतो हा. रीत कळते त्याला.

सेलू: आणि तुमचा भाऊ? सेमिसी तबेल्यामागं जाऊन उभा राहिलाय. बहिणीला नाही म्हणता येत नाही, लेकीचं तोंड बघवत नाही. सकाळपासून पाण्याचा घोट नाही त्याच्या पोटात.

आत्या: त्याला नाही म्हणायला सांगतंय कोण? आणि तू गं, मोठी शहाणी! तुझ्या भाच्याच्या लग्नात भावाच्या होडीचं इंजिन कुणी उचलून आणलं होतं?

सेलू: ते बंद पडलेलं होतं!

आत्या: बंद? त्याच इंजिनावर लग्नाला आला होता तो. जाताना बिचारा वल्ही मारत गेला.

हिंगानो: पुरे! आत्या, खरं सांग. तुला घोडी कशाला हवीय? तुला धड गाढवावर बसता येत नाही.

आत्या: गवताच्या गठ्ठ्यावर येतं ना? तिसऱ्या रांगेत?

हिंगानो: म्हणजे?

आत्या: सकाळीच बघून आले मी मांडव. चार विमानं बदलली, हिंगानो. माझ्या आईची चटई खांद्यावरून आणली. विमानतळावरच्या त्या माणसानं अख्खी उलगडून हुंगली, तरी गप्प बसले. म्हटलं, जाऊ दे, आपल्या रीतीप्रमाणे ही कमरेला गुंडाळून भाचीच्या लग्नात सगळ्यांच्या वर बसायचंय. आणि बघते तर काय, तिसरी रांग, बसायला गवताचा गठ्ठा. चिठ्ठीवर नावसुद्धा नाही. नुसतं "पाहुणे". आणि पहिल्या रांगेत कोण? तर कुत्रा!

हिंगानो: तो अंगठ्या घेऊन येणार आहे, आत्या.

आत्या: येऊ दे की. त्याच्या खुर्चीवर नाव आहे, ते बघितलंस?

सेलू: हिंगानो, तू सांगितलं नव्हतंस त्यांना? आत्याचा मान काय असतो ते?

हिंगानो: नाही.

सेलू: अगं!

हिंगानो: लाज वाटली मला. कसं सांगू, की आमच्यात नवरीच्या आईबापापेक्षा आत्या मोठी, केकचा वरचा थर तिचा, ती म्हणेल ते तिचं? वाटलं, हसतील. त्यांची चूक नाही, आत्या, माझी आहे. त्यांना माहीत असतं तर त्यांनी तुला छपरावर बसवलं असतं.

आत्या: छपरावर नको. गुडघे दुखतात माझे.

सेलू: थांबा, मी आत्ता जाते नि विहिणीला सांगते. मोठी खुर्ची, पहिली रांग, मधोमध. कुत्र्याला म्हणावं, ऊठ.

आत्या: त्याला कशाला उठवता? मुक्या जनावराचं काय चुकलं? जरा सरकवा म्हणजे झालं.

हिंगानो: मग घोडी?

आत्या: घोडी माझी.

सेलू: वन्सं!

आत्या: ओरडू नकोस. माझी म्हणजे माझीच. पण राहील इथं. चारा हिनं घालायचा, वर हिनं बसायचं. आणि दर रविवारी चर्चमधून आल्यावर मला फोन करायचा. घोडी कशी आहे, काय खाल्लं, कुणाला लाथ मारली, सगळं सांगायचं.

हिंगानो: आत्या, रडतेस काय अशी?

आत्या: तू आता इथली झालीस, पोरी. लेकरू होईल, त्याचा पहिला वाढदिवस इथंच होईल. मला कोण आठवणीनं बोलावणार? माझं काहीतरी इथं असलेलं बरं.

सेलू: पुसा बघू डोळे. तुमच्यामुळं आता माझंही काजळ जाईल.

हिंगानो: आणि मी फोन नाही केला तर?

आत्या: तर मला घोडी न्यायला यावं लागेल.

हिंगानो: मग नाहीच करणार, आत्या.