एकही कटकट नाही

स्क्रीन हिरवी म्हणजे सगळं ठीक, असं मला सांगू नका राव. आमच्या चाकणच्या कंपनीत नेटवर्कवर लक्ष ठेवणारा सर्व्हर आहे. काही बंद पडलं की तो सगळ्यांना मेसेज टाकतो. एकदा दुपारी मेंटेनन्सच्या वाघमारेकाकांचा फोन आला. "अरे, सकाळपासून तुझ्या सर्व्हरची एकही कटकट नाही. बरा आहे ना तो?"

मी हसलो. स्क्रीन हिरवीगार होती. मग खाली पाहिलं, तर शेवटची तपासणी सकाळी सातची. बाहेरून कुणीतरी वाकडातिकडा डेटा पाठवून लक्ष ठेवणाऱ्यालाच गार केलं होतं. चूक माझीच. अपडेट टाकायचं राहिलं होतं आणि पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं आत यायचं दार, सगळ्या जगाला उघडं. दोन्ही निस्तरलं, आणि त्या सर्व्हरवर लक्ष ठेवायला दुसरा बसवला.

काका रिटायर झाले, तरी रोज सकाळी फोन करून विचारायचे, "बरा आहे ना तो?" परवा फोन आलाच नाही. लावला तर लागेना. बाईक काढली आणि थेट सांगवी गाठली. दार काकांनीच उघडलं.

"मोबाइल बिघडलाय रे. तू कसा काय आलास?"

म्हटलं, "सकाळपासून तुमची एकही कटकट नाही."