सूपला चालतं, विहिणीला नाही

...आणि वर म्हणे सोपी भाषा! अहो, कसली सोपी? आमच्या मजल्यावरच्या श्यामसुंदर परबांना विचारा! मुलुंड पूर्वेला सगळं आयुष्य गेलं, विमा कंपनीतून रिटायर झाले, कधी कुणाला वर मान करून बोलले नाहीत, आणि त्या माणसाची एका शब्दाने... एका साध्या शब्दाने वाट लावली हो! शब्द कुठला? तर ‘चांगला’. स्पॅनिशमधला चांगला. ब्वेनो! बाई असली की ब्वेना. आता चांगलं ते चांगलं, त्यात आणखी शिकायचं काय? परबांनाही अस्संच वाटलं होतं.

झालं काय, त्यांची प्रांजल नोकरीसाठी गेली स्पेनला आणि तिथल्याच हावियेर नावाच्या मुलाशी लग्न करते म्हणाली. परब एका पायावर तयार. पण अनुपमावहिनी? छे! “उद्या काही बिनसलं तर व्याह्यांशी भांडायचं कुठल्या भाषेत?” हा त्यांचा मुद्दा, आणि खरं सांगू का, मुद्दा काही खोटा नाही! शेवटी ठरलं, मुलाची आई, कार्मेनबाई, प्रांजलबरोबर इथे राहायला येणार, आणि मग वहिनी काय ते सांगणार. म्हणजे पोरीचं लग्न त्या पाहुणचारावर लटकलेलं! मग परबांनी मोबाईलवर ॲप घेतलं आणि गॅलरीत उभं राहून घोकंपट्टी सुरू... “ला सोपा एस्ता ब्वेना! ला सोपा एस्ता ब्वेना!” सूप चांगलं झालंय! अहो, समोरच्या विंगमधली माणसं खिडक्या लावून घ्यायला लागली. पण परब खूश. सूप चांगलं म्हणता आलं, तर विहीण चांगली म्हणता यायला कितीसा वेळ?

बाई आल्या. साठीच्या, हसऱ्या, पांढऱ्या केसांच्या, अगदी कुणाच्याही मामी शोभतील अशा. वहिनींनी तोंड जरा वाकडं ठेवूनच, पण सुरमई तळली, तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली. पानं वाढली, सगळे जेवताहेत, आणि मध्येच परब उठून उभे! घसा साफ केला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “कार्मेन, उस्तेद एस्ता मुय ब्वेना!”

कार्मेनबाईंचा घास हातातच. प्रांजलला असा ठसका लागला, असा ठसका लागला...

“बाबा! खाली बसा!”

“अगं, मी म्हटलं, तुम्ही फार चांगल्या आहात.”

“नाही बाबा. तुम्ही म्हणालात, तुम्ही... कसं सांगू... तुम्ही एकदम कडक दिसता!”

कडक! होणाऱ्या विहिणीला! बायकोच्या देखत, बायकोच्या हातचं खाता खाता!

“स्वभावाने चांगली असेल तर ‘एस ब्वेना’ म्हणायचं,” प्रांजल समजावतेय. “माणसाला ‘एस्ता ब्वेना’ म्हटलं की अर्थ बदलतो.”

“मग सूपला कसं चालतं?”

“सूपला चालतं!”

“सूपला चालतं आणि बाईला चालत नाही? अगं, चांगलं ते चांगलं ना!”

“गप ऱ्हवा मगे!” वहिनी. आणि वहिनी मालवणीत शिरल्या की या घरात पुढे कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी काय व्हावं? त्या तिखल्याने कार्मेनबाईंचं पोट बिघडलं. बाई अंथरुणात. आता वहिनींचं कसं आहे, राग राग आणि आजारपण आजारपण. ओवा दिला, मऊ भात भरवला, उशाशी बसून राहिल्या. परब मात्र त्या खोलीकडे फिरकले नाहीत, तोंडातून पुन्हा सूप बाहेर पडलं तर?

त्याच्या दुसऱ्या सकाळी मायलेकी बाजारात गेलेल्या, परब हॉलमध्ये पेपर वाचताहेत. खोलीचं दार उघडलं. कार्मेनबाई बाहेर! अंघोळ केलेली, केस विंचरलेले, चेहरा फुललेला, दोन्ही हात पसरून म्हणतात कशा, “श्यामसुंदर! या एस्तोय ब्वेना!”

परबांच्या हातातला पेपर गळाला. कारण ‘या’ म्हणजे आता, हे त्यांना येत होतं, आणि ‘एस्तोय’ही येत होतं ना! ‘एस्ता’चंच ते, स्वतःबद्दल बोलायचं तेव्हाचं. म्हणजे बाई म्हणतेय, आता मी कडक आहे! घरात दोघंच! तुम्ही काय केलं असतं? परबांनी दिसतील त्या चपला पायात अडकवल्या, त्या निघाल्या वहिनींच्या, आणि तस्सेच जिना उतरून खाली गेटवर! वॉचमन विचारतोय, “क्या हुआ साब?” आता त्याला काय सांगायचं, कप्पाळ?

तेवढ्यात मायलेकी पिशव्या घेऊन हजर. परब घामाघूम. “अनुपमा, आईशप्पथ, मी काही केलं नाही. तीच म्हणाली, एस्तोय ब्वेना!”

प्रांजल मटकन पायरीवरच बसली. हसू आवरेना तिला. “बाबा, ती म्हणाली, आता मला बरं वाटतंय! आजारी माणूस म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बरी झाले!”

“परवा तर तू म्हणालीस...”

“आपल्याकडे नाही का? तब्येत बरी आहे. आणि मुलगी दिसायला बरी आहे. एकच का ते?”

“मग लोकांनी बोलायचं तरी कसं?” परब गेटवरच ओरडले. “चांगलं ते चांगलं! सूप चांगलं, बाई चांगली, तब्येत चांगली... तीन-तीन अर्थ कशाला पाहिजेत?”

वहिनी मात्र नवऱ्याच्या पायातल्या स्वतःच्या चपलांकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांना जे हसू फुटलं... तशाच वर गेल्या आणि झाला प्रकार खाणाखुणांनी कार्मेनबाईंना करून दाखवला. हात पसरलेली बाई, पळणारे परब, वॉचमन, सगळं! कार्मेनबाई हसून हसून वहिनींच्या खांद्यावर कोसळल्या. डोळे पुसत वहिनी प्रांजलला म्हणाल्या, “ठरव गं तारीख. हिच्याशी माझं जमेल. तुझ्या बाबांशी जमायला यापेक्षा जास्त वेळ लागला होता.”

लग्न ठरलं! म्हणजे परबांमुळेच ठरलं म्हणायला हरकत नाही, पण म्हणतंय कोण? साखरपुड्याला हॉल भरलेला, कार्मेनबाई वहिनींच्या साडीत. वहिनींनी त्यांना मराठी शिकवायला घेतलं होतं. त्या उभ्या राहिल्या, परबांकडे वळल्या, हात जोडले आणि एकेक अक्षर सांभाळत, मनापासून म्हणाल्या, “श्यामसुंदर... तुमची... चांगली... जिरली!”

अख्खा हॉल खदखदतोय. वहिनी छताकडे बघताहेत, जशा काही पंखेच मोजायला आल्यात. आणि परब? काय करणार बिचारे? ‘ग्रासियास’ म्हणाले, म्हणजे थँक्यू, आणि खाली बसले.