आभाळी रंगाचं विमान

हसायचं असेल तर हसा, पण ऐका. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सुट्टीला रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवायचा मला नाद. पहिल्या विमानाचा सांगाडा झाला, त्यावर इस्त्रीनं चिकटवायची रंगीत फिल्म आणायची होती. भगवी आणली तर एक जण विचारणार, कन्नड झेंड्यासारखी पिवळी-लाल आणली तर दुसरा. म्हटलं, आपल्या सीमाभागात रंगाची भानगडच नको. अख्खं विमान आभाळी केलं.

माझा मित्र मारुती म्हणाला, "लेका, पोटाला तरी काळं पट्टं मार. वर गेल्यावर दिसायचं न्हाय."

"माझी नजर लई तेज हाय," मी म्हणालो.

पिरनवाडीच्या माळावर उडवलं आणि दोन मिनिटांत दिसेनासं झालं. चार महिन्यांची मेहनत! मी रिमोट धरून आभाळभर शोधू लागलो. तेवढ्यात उंचावर काहीतरी फिरताना दिसलं.

"घावलं! डावीकडं घेतो बघ." डावीकडं वळलं. "आता गोल फिरवतो." गोल फिरलं. मारुतीनं टाळ्या वाजवल्या.

मागून एक म्हाताऱ्या आक्का आल्या. हातात आभाळी विमान. "हे तुमचंच काय रं? कवाधरनं माझ्या भुईमुगात पडलंय."

मी वर बघतच म्हणालो, "जरा थांबा आक्का, आधी हे उतरवतो."

आक्कांनी वर बघितलं. "ती घार हाय रं बाबा. ती आपली आपण उतरंल."