बिनआवाजाची गाडी

गॅरेजच्या बाकावर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई बसल्या होत्या. शेजारी लॉन्ड्रीवाले बहीणभाऊ बोलत होते.

"दादा, बॅटरीच्या गाडीला आवाजच नसतो ना? मग मेकॅनिक कुठला आवाज दुरुस्त करतोय?"

"तो मुद्दाम घालतात. नाहीतर गाडी आलेली माणसांना कळत नाही."

"आधी काढायचा, मग घालायचा?"

"मलाही नीट कळलेलं नाही."

"तू लॉन्ड्रीचं सगळं मोबाइलवर नेलंस आणि निम्मी गिऱ्हाइकं गेली. दुकान बंद पडलं, असं वाटतं म्हणे त्यांना."

"अगं, मेसेज जातो सगळ्यांना."

"बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचे."

"आता घरी आराम करतात ते."

"आराम कसला? खिडकीतून पोस्टमनला हाका मारतात."

गाडीचं आणि दुकानाचं एकच उत्तर बाईंच्या जिभेवर आलं, पण मुलांना स्वतः शोधू द्यायच्या वर्गातल्या सवयीने त्यांनी ते गिळलं.

"म्हणजे बाबांना परत दुकानात बसवायचं? पण त्यांना काम काय देऊ?" भावाने विचारलं.