डोळ्यांची आखणी राहिली

आमच्या बाबांची गणपतीची शाळा माहितीये ना तुम्हाला, मूर्ती घडवायची? तिथेच बसून मी मुंबईकरांना मूर्ती सांगून ठेवता यावी म्हणून वेबसाइट करायला घेतली. माझ्या जुनाट लॅपटॉपवर नवीन काही बसेना, म्हणून ब्राउझरमध्येच क्लाउडवरचं एक टेम्प्लेट निवडलं. एक क्लिक, आणि चहा निवायच्या आत पानं, फॉर्म, फायली सगळं तयार! मी बघतच राहिले.

मातीचे हात तसेच घेऊन बाबा मागे उभे. “अगो, एवढं सगळं तू केलंस?”

“नाही ओ. साचा आयता मिळतो.”

“मग साचे आपल्याकडेपण आहेत. हे वर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय?”

“‘इथे तुमचं नाव घाला.’”

“म्हणजे गणपती साच्यातून निघालाय, डोळ्यांची आखणी राहिलीय.”

असं म्हणून त्यांनी हात धुतले, बारीक ब्रश घेतला आणि फळीवरच्या रंगवून ठेवलेल्या मूर्तीचे डोळे श्वास रोखून आखले.

शप्पत सांगते, तोवर मी त्या मूर्तीकडे बघत होते. आता ती माझ्याकडे बघायला लागली.