दोघींचे काम

(घाटकोपरमधील एका रुग्णालयाची चादरी ठेवण्याची खोली, सन १९८४, दुपारची वेळ. येथे तुळशीदास आयांना आणि परिचारिकांना मालीश व ॲक्युपंक्चर देतो. बाकावर आया कृष्णाबाई.)

तुळशीदास : खांदा सैल सोडावा, बाई. आपण तो अजूनही धरून ठेवला आहे.

कृष्णाबाई : सुटत असता तर तुमच्याकडे कशाला आले असते? आणि आपण-बिपण नको. वॉर्डात 'ए बाई' म्हणतात, तेवढं पुरतं.

तुळशीदास : सेवा करणाऱ्यांचीही कोणीतरी सेवा करावी, या हेतूने मी ही विद्या शिकलो. ही तिसरी सुई. वेदना होते?

कृष्णाबाई : मुंगी चावल्यासारखं. भाऊ, खांद्याचं राहू दे. एक सुई हाताला लावा. उजव्या.

तुळशीदास : हाताला काय होते?

कृष्णाबाई : उठतो. सहा नंबरच्या खाटेवरचे ख्रिस्ती आजोबा आहेत ना, अर्बन नावाचे, अर्धांगवाले? सकाळी मारलं मी त्यांना. गालावर. नाकातली नळी तिसऱ्यांदा उपसली म्हणून. तर मलाच म्हणतात, 'चुकलो, बाय.'

तुळशीदास : हे प्रथमच घडले?

कृष्णाबाई : दुसऱ्यांदा.

तुळशीदास : अशा कृत्यास आवर घालणारा बिंदू मानवी शरीरात नाही, बाई. हे सिस्टरना कळविणे भाग आहे.

कृष्णाबाई : कळवा. मग उद्या या बाकावर कोण बसतं ते बघा. बायका इथे खांदा दाबून घेतात आणि पोटातलं बोलतात. ते वर पोचतं म्हटल्यावर कोण येईल?

तुळशीदास : आणि न कळविल्यास त्या वृद्धाचे काय?

कृष्णाबाई : म्हणून तर आले ना मी.

तुळशीदास : त्यांच्यापाशी आणखी कोण असते?

कृष्णाबाई : कोणी नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठ सडते. दोघींचं काम. माझ्या जोडीची शेवंती आईच्या आजारपणाला गावी गेली, तीन आठवडे मी एकटीच ओढते. असे अकरा पेशंट.

तुळशीदास : सिस्टरना हे ठाऊक नाही?

कृष्णाबाई : वहीत दोघींची सही असते. तिची मीच करते. ती बदली कामगार आहे, भाऊ, कायम नाही. जागा रिकामी दिसली की दुसरी आणतील.

तुळशीदास : म्हणजे एक गोष्ट सांगितली की दुसरीही उघड होणार.

कृष्णाबाई : तिची वाट लागेल. माझीही.

तुळशीदास : तरीही आपण स्वतःच सांगावे. मी शेजारी उभा राहीन. ही खोली गेली तरी चालेल.

कृष्णाबाई : किती वाजले?

तुळशीदास : दोन वाजून दहा मिनिटे.

कृष्णाबाई : काढा सुया. कूस बदलायची वेळ टळली.

तुळशीदास : प्रथम सिस्टरकडे जाऊ या.

कृष्णाबाई : आधी आजोबा. तुम्ही डोक्याकडून धरा. मी पायांशी राहते.