बुवा गायले की कोणीतरी जाते

...आणि वर मलाच विचारतात, "बुवा, आज कोण?" अहो, आज कोण म्हणजे काय? सकाळी स्नान, पूजा आटोपून, कपाळी बुक्का लावून मनुष्य दुधाची पिशवी आणायला निघाला आहे आणि दुकानातला जिग्नेशभाई गल्ल्यावरचा हात छातीशी नेऊन विचारतो, "काका, आजे कोण गयुं?" कोण गेले म्हणून! कोणी गेलेले नाही, दूध गेले आहे, ते द्या! पण नाही. या नरोलीत माझे तोंड दिसले की लोक आधी आपापल्या घरातली म्हातारी माणसे मोजतात. मी फक्त गायलो हो, मारले कोणालाच नाही!

तुम्हाला सांगतो, माझा यात दोष एवढाच की देवाने गळा दिला आणि मी तो लपवला नाही. मी वाल्मिकबुवा, तिकडे खानदेशात पंचक्रोशीत भजनाला उभा राहणारा मनुष्य. मुलगा गोकुळ मसाटच्या प्लास्टिकच्या कंपनीत लागला, त्याच्यामागे मीही टाळ-चिपळ्यांसह इकडे गुजराती मुलखात आलो, आणि चाळीमागच्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी भजन सुरू केले. बारसे असो, जावळ असो, नव्या खोलीत दूध उतू घालायचे असो, आधी बुवांना बोलवा! असा मान होता. होता! आता 'होता' म्हणायचे...

झाले असे की, नदीकाठी एका चित्रपटाचे शूटिंग आले. दिग्दर्शक श्रीधरपंत मुंबईचे, गळ्यात मफलर, उन्हाळ्यात! देवळावरून जाताना त्यांनी माझा अभंग ऐकला आणि आत येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बुवा, तुमच्या आवाजात एक मृत्यू आहे." आता ही स्तुती की शिवी? मी नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस लखन मोटरसायकल घेऊन दारात. "चलो बुवा, बॉडी आ गई है।" सबंध चाळीसमोर, मोठ्याने! बॉडी म्हणजे नायकाचे वडील, तिरडीवर. मी डोळे मिटले, पांडुरंगाला समोर आणले आणि असा आर्त सूर लावला की प्रेताच्या डोळ्यांतून पाणी आले. श्रीधरपंत ओरडले, "कट! अहो काका, तुम्ही मेलाय!" तर प्रेत उठून बसले, नाक पुसले आणि म्हणाले, "काय करू साहेब, बुवांनी आईची आठवण करून दिली." धन्य वाटले मला! म्हटले, जन्माचे सार्थक झाले.

सार्थक कसले... तिथूनच घात सुरू झाला. पुढे मालिकेत एक सासू वारली, गायला बुवा. मग त्या मोबाइलवरच्या मालिकेत मी देवळात भजन म्हणतो आहे आणि बाहेर पायरीवर एकाला भोसकतात. मला ठाऊकच नाही! मी आपला आत तल्लीन! नंतर विम्याची जाहिरात, तिथे हार घातलेल्या तसबिरीपुढे बसवले. लग्नात गाऊ का म्हटले, तर लखन म्हणतो, "बुवा, शादी में डीजे है। आप तो मयत के लिए बने हो।" बनलो आहे! जणू देवाने मला घडवताना स्मशानाकडे तोंड करून ठेवले होते!

आणि लोक काय, टीव्हीवर जे पाहतात ते घरी घेऊन येतात. समोरच्या खोलीतल्या मंजुळाबाईंच्या यजमानांना ताप होता, शेजारधर्म म्हणून विचारायला गेलो, तर तो ताप चढलेला मनुष्य मला पाहून ताडकन उठून बसला, "बरा आहे मी, बुवा! एकदम बरा! कामावर निघालोय!" आणि खरोखर गेला, तापात! मंजुळाबाई दार अर्धे लावून म्हणतात, "बुवा, राग नका धरू, पण तुम्ही गायले का कोणीतरी जातं." आमचा पेटीवाला बारकू, माझ्या हाताखाली तयार झालेला, तो सांगतो, "बुवा, सत्यनारायणाला या, पण मागं बसा. टाळ वाजवा. तोंड तेवढं उघडू नका." तोंड उघडू नका! आयुष्यभर नामस्मरण केलेल्या मनुष्याला! अहो, मी फक्त गायलो, मारले कोणालाच नाही!

हेही सोसले असते. पण माझी लेक चंदा... लग्नाला किती वर्षे झाली, नवस झाले, दवाखाने झाले, आणि आता कुठे तिला पुत्र झाला. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून बारसेही आमच्याकडे. आमच्या घराची रीत अशी की, आत्याने कानात नाव सांगण्याआधी आजोबांनी पाळणा म्हणायचा. माझ्या आजोबांनी माझा म्हटला, वडिलांनी चंदाचा म्हटला. आणि विहीणबाई केसरबाई बारशाचे ठरवायला आल्या त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "याहीबुवा, मानपान नको, साडी नको, येकच मागते. लेकराच्या पाळन्यापाशी तुमी गाऊ नका." मी हसलो. म्हटले, विनोद असेल. चंदाकडे पाहिले. आता ही बोलेल, सासूला म्हणेल, 'अहो, माझे बाबा आहेत'... तिने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि पाळणा हळूच, अगदी हळूच, आपल्याकडे ओढून घेतला.

त्या दिवशी देवापुढे बसलो, पण सूर लागेना. म्हटले, विठ्ठला, हा गळा तुझा, मग ही भीती कोणाची?

मग काय, गेलो श्रीधरपंतांकडे. सायली गावात एक बंद गोडाऊन घेऊन त्यात त्यांनी वाडा उभारला होता, थर्मोकोलचा. म्हटले, "पंत, मला एकदा, एकदाच, जिवंत माणसांत गाऊ द्या. टीव्हीवर. लोकांना दिसू दे की बुवा गातात आणि सगळे धडधाकट राहतात." पंतांनी मफलर सारखा केला, डोळे बारीक केले. "बुवा, देतो! नव्या मालिकेत बारसंच आहे. तुम्ही बाळाचे पणजोबा. पाळणा म्हणा." मी त्यांच्या पायाच पडायचा राहिलो! पाळण्यात प्लास्टिकची बाहुली होती, पण मी माझा नातूच पाहिला. असा म्हटला पाळणा, असा म्हटला... पंत मागून हळूच सांगताहेत, "सुंदर, आता डोळे मिटा बुवा, तल्लीन व्हा, मान अलगद पाळण्यावर टेका." टेकली. तल्लीन तर मी होतोच! निघताना लखन म्हणाला, "बुवा, एक फोटो। थोडा मुस्कुराओ।" म्हटले, ओळखपत्राला लागत असेल. हसलो.

तो भाग लागला नेमका बारशाच्या आदल्या संध्याकाळी. केसरबाई मुक्कामाला आलेल्या. मी सबंध चाळ गोळा केली, मंजुळाबाई, त्यांचे यजमान, बारकू. सगळ्यांना साखर वाटली. म्हटले, पाहा आता! टीव्हीवर तोरणे, हसरी माणसे, मी गातोय. केसरबाईंचा पाय ठेक्यावर हलू लागला, हो, मी पाहिले! चंदाच्या डोळ्यांत पाणी. आणि मी मान टेकली... आणि टेकलेलीच राहिली. एकदम ढोल-ताशे, वीज कडाडली, कोणीतरी किंचाळले, "आजोबाऽऽ!" पुढच्या क्षणी माझा फोटो. हसरा. त्याला झेंडूचा हार!

लोक एकदा फोटोकडे पाहतात, एकदा माझ्याकडे. मी उगाच म्हणालो, "मी... आहे." केसरबाई उठल्या. म्हटले, चालल्या, नातवाला घेऊन चालल्या! तर त्यांनी मीठमोहऱ्या घेतल्या आणि ओवाळल्या कोणावरून? माझ्यावरून! "झालं! ज्याला जायचं हुतं तो गेला. या गळ्यात आता दुसरं मरन उरलं नाही. उद्या पाळना याहीबुवाच म्हनतील." गोकुळ माझ्या कानाशी म्हणतो, "बाबा, मेलात म्हणून वाचलात."

दुसऱ्या दिवशी म्हटला पाळणा. आवाज कापत होता, लपवत नाही. शेवटच्या कडव्याला नातवाने जांभई दिली, डोळे मिटले... आणि सबंध चाळ पाळण्यावर वाकली! चंदाने बाळाच्या नाकाखाली बोट धरले. मी कडवे अर्ध्यावरच सोडले. पांडुरंगा! तेवढ्यात तो शिंकला आणि असे भोकाड पसरले, असे पसरले, की एवढा शुद्ध षड्ज मी कोणत्याही पेटीतून ऐकलेला नाही. चंदाने पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली.

आणि अशा वेळी फोन वाजावा? लखन! "बुवा, कल आपकी मयत है, टाइम पे आना।" म्हटले, "अरे, मी तिरडीवर असणार, मग गाणार कोण?" म्हणाला, "आप ही। पहले गा लो, फिर लेट जाना।"

आता तुम्हीच सांगा, मी काय करावे? जातो. स्वतःच्याच मयताला नाही कसे म्हणायचे... आणि बेसूर गायलेले मला मेल्यावरही चालणार नाही.